चप्पल घालून हात लाव

मी मराठीत एम.ए. केलं त्याचं खरं कारण फारसं कोणाला सांगत नाही: त्यात गणित नव्हतं. दहावीला गणितात काठावर सुटले तेव्हा आईनं पेढे वाटले होते, यावरून समजून घ्या. मग बी.ए., मग नागपूर विद्यापीठातून एम.ए. (राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव विद्यापीठाला २००५ साली लागलं, मी त्याच्या आधीची), मग मराठी टायपिंगची तीसची परीक्षा आणि एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. घरात काही बंद पडलं की माझं वाक्य ठरलेलं असायचं. "आपल्याला नाही बाप्पा ते टेक्निकल जमत." मी ते इतक्या सहज म्हणायची की समोरच्याला वाटावं, हिची ब्लड ग्रुपसारखी कुठेतरी नोंद आहे.

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरात दुरुस्ती व्हायची ती बाबा आणि दादा मिळून करायचे. माझं काम बॅटरी धरणं. "नीट धर, हलवू नको." फ्यूजची तार बदलताना, शेगडीची कॉइल बसवताना, पंख्याचं रेग्युलेटर उघडताना उजेड माझ्या हातात असायचा आणि पेचकस दादाच्या. दादानं एकदा रेडिओ उघडला. तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही. पण बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "पोराचं डोकं मशिनीत चालतं." मी एकदा इस्त्रीचा स्क्रू फिरवायला घेतला तर आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "ठेव ते, बिघडवशील!"

आता मला वाटतं, सगळी गोम तिथे आहे. दादाला बिघडवायची मुभा होती. ज्याला चार वस्तू बिघडवायला मिळाल्या त्याला पाचवी दुरुस्त करता येते, आणि मग लोक त्याला जन्मजात हुशार म्हणतात.

गंमत म्हणजे त्याच घरात आई शिलाई मशीन चालवायची. गल्लीतली निम्मी पोलकी तिच्या हातची. टाका खालून सैल पडला तर ती वरच्या टेन्शनच्या चकत्या बघायची, वरून सैल पडला तर बॉबिन केस काढून त्याचा बारका स्क्रू पाव फेरा फिरवायची. सुई टाका सोडायला लागली तर आधी सुई बदलायची, मग ती उलटी तर बसली नाही ना ते बघायची, आणि तरीही नाही जमलं तर मशीन आडवं पाडून शटल बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि चिंधीवर चालवून बघायची. हे कोणी तिला शिकवलं नव्हतं. आणि याला टेक्निकल म्हणायचं असतं हे आमच्या घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही, आईच्याही नाही. तिची इस्त्री बंद पडली की तीसुद्धा दादालाच हाक मारायची.

आता कूलर.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. होळी झाली की इथे कूलर निघतात. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंनी वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या किसाच्या ताट्या, खाली टाकी, टाकीत पंप, पुढे पंखा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवायचा आणि सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी भरायचं. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाला की त्या पत्र्याच्या डब्याशिवाय जगता येत नाही. आणि त्या डब्याबरोबर प्रत्येक घरात एक नियम येतो, जो मी सासरी मानेवाड्यात आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंकडून ऐकला: "पाणी भरताना चप्पल घालून हात लाव." दुसरा त्याचाच भाऊ: हात लावायचाच असेल तर आधी बोटांची मागची बाजू लावून बघ.

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याच्या बातम्या येतात. आपण वाचतो, च्‌ च्‌ करतो आणि चप्पल घालून पाणी भरायला जातो. मीही तेच करत होते. मग एका मे महिन्यात लेकीनं ओल्या पायांनी कूलरची जाळी धरली आणि तिला झटका बसला. हात सुटला म्हणून निभावलं. ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लगमधल्या दोन वायरी उलटसुलट केल्या, पत्र्याला टेस्टर लावून बघितला आणि म्हणाला, "झालं." दुसऱ्या दिवशी पुन्हा झिणझिण्या. फोन केला, विचारलं, "पण हा करंट येतो कुठून?"

"कूलर आहे वहिनी. थोडा तर येणारच."

मला राग यायला हवा होता तो त्याचा, पण आला त्या उत्तराचा. कारण ते उत्तर मी आयुष्यभर स्वीकारत आले होते. पंखा आहे, आवाज तर येणारच. कॉम्प्युटर आहे, हँग तर होणारच. नवरा गोंदियाला नोकरीला, शनिवारीच येणार. मे महिन्यात दुसरा मिस्त्री मिळणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळण्यासारखं. तेव्हा बर्डीच्या बाजारात गेले आणि मोदी नंबरच्या गल्लीतून एक साधा पिवळा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, घेतला. दुकानदारानं तो कसा वापरायचा ते माझ्यासोबत आलेल्या नववीतल्या भाच्याला समजावून सांगितलं. मी बाजूला उभी राहून ऐकलं. सवय होतीच.

मीटरमध्ये मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे त्याला मी कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मेन बंद करायचा, एक वायर कूलरच्या पत्र्याला, दुसरी अंगणातल्या ओल्या मातीत ठोकलेल्या खिळ्याला लावायची, हात काढून घ्यायचे, मेन सुरू करायचा. आकडा शंभर व्होल्टच्या वर गेला. पुन्हा मेन बंद करून पंख्याच्या वायरी काढल्या: आकडा तसाच. पंखा जोडून पंपाच्या वायरी काढल्या: आकडा धप्पकन खाली. म्हणजे करंट पंपातून येत होता. पंप पाण्यात, पाणी पत्र्याच्या टाकीत, आणि पंपाच्या आतल्या गुंडाळीचं आवरण कुठेतरी फाटलेलं. हे सगळं मी आईकडे पाहिलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चिंधीवर चालवून बघायची.

पण खरा धक्का पंपाचा नव्हता. कूलरच्या प्लगला तीन पिना होत्या, बोर्डाला तीन भोकं होती, आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंगचं भोक होतं, अर्थिंग नव्हतं. घर बांधल्यापासून सगळे तिथे विश्वासानं तीन पिनांचे प्लग खुपसत होतो. अर्थिंगची वायर असती तर पत्र्यावर आलेला करंट तिच्यातून जमिनीत गेला असता. ती नव्हती म्हणून तो वाट बघत बसायचा, कोणी ओल्या पायाचं माणूस येऊन त्याला जमिनीपर्यंत पोचवेल याची. चप्पल त्या वाटेत रबर घालते, एवढंच. सासूबाईंचा नियम चुकीचा नव्हता. तो फक्त कूलरबद्दल नव्हता, आपल्याबद्दल होता.

मग खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून रीतसर अर्थिंग करून घेतलं. (तो खड्डा इलेक्ट्रिशियननंच केला. मी उभी राहून प्रश्न विचारले आणि तो वैतागला.) मेन बोर्डात आरसीसीबी नावाचा स्विच बसवून घेतला. त्याचं काम मला फार देखणं वाटतं. फेजमधून जितका करंट आत गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, एवढंच तो मोजत असतो. हिशेबात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तितका करंट तिसऱ्याच वाटेनं, कदाचित एखाद्या माणसातून, जातो आहे, की तो सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो. आमचा कूलर अंदाजे एक अँपिअर घेतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे त्याचा तेहतिसावा हिस्सा. बोर्डातले साधे एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारे छोटे स्विच, याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना वायर तापण्याची काळजी. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. बहुतेकांनी "हो का?" म्हणून जेवण झालं का विचारलं.

तिथून पुढे मला आवरणं कठीण गेलं. आयटीआयच्या वायरमन ट्रेडचं एक जुनं पुस्तक मिळालं, पहिली पानं फाटलेलं. हिंदी व्हिडिओ बघितले. पुढच्या उन्हाळ्यात कूलरचा पंखा गुणगुणायला लागला पण फिरेना. काडीनं पातं ढकललं की फिरायचा. आणि उलट्या बाजूनं ढकललं तर उलटा फिरायचा! दुकानात म्हणतात, कंडेन्सर गेला. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात. वस्तू दीडशे रुपयांच्या आतली, बदलून मोकळं होता आलं असतं. पण मला त्या उलट्या फिरण्यानं झोप येईना. नुसत्या घरगुती वीजपुरवठ्यात करंट सेकंदाला शंभरदा दिशा बदलतो, त्यामुळे मोटरमधलं चुंबकबळ जागच्या जागी पुढे-मागे होतं, गोल फिरत नाही. पात्याला कुठल्या बाजूनं जायचं ते कळत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरी गुंडाळी असते आणि तिच्या वाटेत कपॅसिटर. त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीतला करंट पहिलीच्या थोडा आधी येतो, आणि दोघी मिळून चुंबकबळ गोल फिरवतात. कपॅसिटर गेला की दुसरी गुंडाळी मुकी होते, आणि दिशा काडीवाला ठरवतो.

त्या पंख्याला तीन वायरी होत्या आणि रंग उडून तिन्ही मळक्या तपकिरी झाल्या होत्या. कुठली कशाची? पुस्तकात होतं: दोन-दोन वायरींमधला रोध मोजा. मोजला. एका जोडीत ४१ ओहम, दुसरीत ५८, तिसरीत ९९. मी आकडे दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिले आणि बघत बसले. ४१ आणि ५८, ९९. दोन गुंडाळ्या एका टोकाला जोडलेल्या. ज्या जोडीत बेरीज येते तिच्यात दोन्ही गुंडाळ्या एकापाठोपाठ आहेत, म्हणजे उरलेली तिसरी वायर ही मधली, दोघींना सामाईक. जिच्यापासून ४१ ती चालवणारी, जिच्यापासून ५८ ती सुरू करणारी. पत्र्याच्या आत, लाखेच्या थराखाली असलेली गोष्ट मला न उघडता दिसली, आणि तीही तिसरीतल्या बेरजेनं. दहावीच्या गणितात मला कोणी तीन मळक्या वायरी दिल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही. रक्तदाब वाढतो.

मुळात कूलर गार का करतो, हेही त्याच वर्षी कळलं. पाणी गार असतं म्हणून, असं मला वाटायचं. सासूबाई टाकीत बर्फ टाकायच्या. बर्फानं होतं थोडं, पण खरं काम पाण्याच्या वाफ होण्याचं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते. विजेच्या भाषेत एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजे एक लिटर पाणी दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. तासाला आठ लिटर पाणी उडालं तर ५.३ युनिट. दीड टनाचा एसी तासाला जास्तीत जास्त एवढीच उष्णता उचलतो. पंखा आणि पंप मिळून वीज खातात ती युनिटचा पाचवा हिस्सा. बाकीचं काम नळाचं पाणी आणि विदर्भाची कोरडी हवा फुकट करतात. एवढं असून खोली एसीसारखी थंडगार होत नाही, कारण कूलर खोलीतली हवा नाही तर बाहेरची भाजणारी हवा सतत आत घेत असतो. म्हणूनच समोरची खिडकी उघडी ठेवायची. आमच्याकडे "एसीसारखं बंद करून बसा" म्हणणारे पाहुणे येतात, त्यांना आता मी खुर्ची खिडकीपाशी देते.

दोन स्वस्त थर्मामीटर आणले, एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी बांधली आणि दोन्ही पंख्यासमोर टांगले. मेच्या दुपारी कोरडा ४४, ओला २३. ओला थर्मामीटर जिथे थांबतो त्याच्या खाली कूलर हवा नेऊच शकत नाही. चांगल्या ओल्या ताट्या असतील तर त्या दिशेनं चार-पंचमांश वाट चालतो. म्हणजे २७च्या आसपास. पंख्याच्या तोंडाशी मोजलं, तेवढंच होतं. मग जुलैत पुन्हा टांगले: कोरडा ३२, ओला २९. तीन अंशांत कूलर काय दिवे लावणार? मुंबईची नणंद "तुमचे कूलर आमच्याकडे चालत नाहीत" म्हणते तेव्हा तिच्या घरात दोष नसतो, हवेत असतो. हे तिला पटवून द्यायला मला दोन थर्मामीटर आणि एक चिंधी लागली. तिला पटलं की नाही ते माहीत नाही, पण तिनं विषय बदलला.

सासूबाईंनी बर्फ टाकणं मात्र सोडलं नाही. त्यांच्या मते त्यात मन गार होतं.

आता ऑफिसची गोष्ट, जी खरं तर मला लिहायची होती आणि कूलरनं पान खाल्लं.

कॉलेजचे जुने वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्तं, वसतिगृहाचे हिशेब, सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं. नवे कॉम्प्युटर आले, त्यांवर तो फॉन्ट नव्हता. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची रांगच रांग. कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, "पुन्हा टाइप करून घ्या." साहेब म्हणाले, रोजंदारीवर टायपिस्ट लावू. मी ती रांग वाचत बसले होते आणि मला दिसलं की मला ती वाचता येते आहे. स्मॉल डी, स्मॉल ई, कॅपिटल झेड: कर्म. टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन टाइपरायटरवर बडवलेल्या त्याच कळा.

म्हणजे फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. फाइलमध्ये डी होता, आणि फॉन्ट त्या जागी क चं चित्र काढत होता. कॉम्प्युटरच्या लेखी आमचे सगळे अहवाल म्हणजे निरर्थक इंग्रजी. म्हणूनच त्यात "कर्म" शोधून कधी सापडत नव्हतं. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत तसं नाही; तिथे क ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि देवनागरीच्या त्या मूळ पट्ट्यात १२८ जागा आहेत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. पायथन ही संगणकभाषा पहिल्यांदा बाहेर आली तीही १९९१ला. मी तेव्हा सातवीत बॅटरी धरत होते.

ऑफिसात कंत्राटावर बीसीए झालेला एक मुलगा आहे. त्यानं पायथनमध्ये अदलाबदलीची यादी करून दिली: डी दिसला की क, ई दिसला की म. बाहेर आलं ते अर्धं मराठी. पहिली अडचण दांड्याची होती. कृतिदेवमध्ये काना आणि ख चा दांडा एकाच कळेवर, के वर. चौकटी कंस आणि के मिळून ख. घ, ण, श या सगळ्यांचे दांडे तिथलेच. आधी के चा काना करून टाकला तर ख ला दांडाच उरत नाही. म्हणून जोड्या आधी बदलायच्या, सुटी कळ शेवटी. हे त्याला मी सांगितलं, कारण टाइपरायटरवर ते माझ्या बोटांना माहीत होतं.

दुसरी अडचण वेलांटीची. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती डावीकडे असते. युनिकोडला ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर हवी. मुलानं नियम लिहिला: वेलांटी एक अक्षर पुढे सरकव. "किती" नीट आलं आणि "स्थिती"ची "सि्थती" झाली. तुम्हीही हे कुठेतरी पाहिलं असेल, आता त्यामागची भानगड समजून घ्या: वेलांटीनं एकच अक्षर ओलांडलं, पण तिला पाय मोडलेली सगळी अक्षरं ओलांडून पुढच्या पूर्ण अक्षरापलीकडे जायला हवं.

आणि तिसरा रफार, त्याची तऱ्हा बरोबर उलटी. तो मारायचा शेवटी आणि जायचं असतं मागे. "वर्ज्य"चं "वज्र्य" होत होतं. कारण रफार फक्त य वरून मागे आला आणि ज् च्या पुढ्यात थांबला. मूर्तीत तर त्याला त आणि दीर्घ वेलांटी दोन्ही ओलांडायची.

"मॅडम, हा कुठपर्यंत मागे न्यायचा ते ठरवलं कोणी?"

"तोंडानं. म्हणून बघ. वर्-ज्य. र कोणाच्या आधी येतो?"

तो स्वतःशी पुटपुटला आणि वीसेक मिनिटांत नियम लिहून आला: मागे जाताना आधी काने-मात्रे-वेलांट्या ओलांड, मग पूर्ण अक्षर, मग त्याला चिकटलेली पाय मोडलेली सगळी. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून तो नियम बघितला. ओळीत चौकटी कंस, तारा, तिरप्या रेघा. पण त्यात जे लिहिलं होतं ते मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी व्याकरणाच्या पेपरात लिहिलं होतं, फक्त मी त्याला पाच ओळी घेतल्या होत्या. घरी आल्यावर तीच भाषा शिकायला बसले. इतकी नेमकी लिहायची सोय आहे आणि आम्ही इतकी वर्षं निबंध लिहितो आहोत, याचा जरा मत्सर वाटला.

कोणीही सहा आठवड्यांत कोडिंग शिकू शकतं, अशा जाहिराती मला दिसतात आणि मी पुढे सरकवते. कोणीही नाही शिकू शकत. माझ्याकडे पगार होता, म्हणून मीटर कोणाला न विचारता घेता आला. लेक मोठी होती. नवरा पाच दिवस घरी नव्हता, म्हणजे जेवणाच्या टेबलावर मोटर उघडी ठेवली तर हरकत घ्यायला कोणी नव्हतं, सासूबाई सोडून, आणि त्यांना पंख्याचा वारा हवा होता. समोरच्या घरातली वहिनी माझ्याहून हुशार आहे, पण तिच्या घरी मिक्सर उघडून ठेवला तर संध्याकाळच्या चटणीवरून महाभारत होतं. डोकं सगळ्यांना असतं. उघडं पडलेलं टेबल फार थोड्यांना.

आणि मला अजून पुष्कळ जमत नाही. दिशा बदलणाऱ्या करंटच्या गणितात उणे एकचं वर्गमूळ येतं तिथे माझ्या आयटीआय पुस्तकाच्या पानाला घडी घातलेली आहे, गेली कित्येक वर्षं. मोबाइलवर फोटो कुठे जातात ते लेकच शोधून देते. दादा आता पुण्याला असतो, मोठ्या कंपनीत, दिवाळीला आला तेव्हा त्याला आमच्या बोर्डातला आरसीसीबी दाखवला. त्याच्या फ्लॅटमध्ये आहे का, विचारलं. म्हणाला, "असेल ना. बिल्डरनं बसवला असेल."

सध्या माझं डोकं खातो आहे तो "दुसऱ्या" या शब्दातला र. हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, त्याचा पाय मोडून. दोन, साधा र, खाली नुक्ता म्हणजे टिंब, मग पाय मोडून. तीन, साधा र, पाय मोडून आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. "दुसऱ्या सत्रात" असं शोधून अहवालांतली निम्मीच वाक्यं मिळायची, ती यामुळे. पायथनमध्ये पहिले दोन एक करायची तयार सोय आहे. तिसऱ्याला ती हात लावत नाही, आणि ते अदृश्य चिन्ह नुसतं काढून टाकलं तर र वर चढून रफार होतो. तेवढा नियम मी स्वतः लिहिला.

राहिलं ते लोकांनी मुळातच रफार देऊन टाइप केलेलं: वर्हाड, शेतकर्यांना, तर्हा. हे सगळे सरसकट बदलता येत नाहीत, कारण "कार्य" आणि "अर्हता" यांना रफारच हवा. म्हणून शब्दांची यादी करते आहे, पुन्हा दुधाच्या वहीत. आणि वसतिगृहाच्या हिशेबात "आचार्यास" दिसलं, की पैसे गुरुजींना दिले की स्वयंपाक्याला, हे कुठल्याच नियमानं ठरत नाही. तिथे रक्कम बघावी लागते. किलो-दीड किलो हळद-तिखटाचं बिल जोडलेलं असेल तर मी डोळे मिटून ऱ करते.